सिस्टरचा कडीचा डबा

देवासच्या मराठी माणसांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं. बाप-आजे नोकरीसाठी खानदेशातून इकडे आले, पोरं हिंदी शाळेत गेली, मराठी वाचताना अडखळू लागली. ही रीत मात्र जशीच्या तशी राहिली. वाटीत भाजी आली तर परत जाताना त्या वाटीत निदान चिमूटभर साखर पडायला हवी. रीत चांगली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण चांगली रीतसुद्धा आंधळेपणाने पाळली की माणसाच्या जिवावर उठते. जान्हवीला हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

बकुळाबाई तोरणे यांना सगळी कॉलनी सिस्टर म्हणायची. त्यांचे वडील नगरकडचे. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून धारला आले आणि तिथलेच झाले. बकुळाबाई धारला नर्स झाल्या आणि लग्नानंतर देवासच्या कारखान्यांच्या भागात एका लहानशा दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. नवरा भगवंतराव लवकर गेले. मूलबाळ नाही. निवृत्तीच्या दिवशी हातात पाकीट पडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता बांगड्या करतील. बाई बाजारात गेल्या आणि डझनभर कडीचे डबे घेऊन आल्या. स्टीलचे, घट्ट झाकणाचे, हातात धरायला वर कडी असलेले. प्रत्येकावर दुकानदाराकडून मशीनने नाव घालून घेतलं: बकुळा भगवंत तोरणे. एकट्या जिवाला डझनभर डबे म्हणजे बाईंचं डोकं फिरलं, असं शेजारणींनी एकमताने ठरवलं.

डोकं फिरलं नव्हतं. ज्या घरात दुखणं, मरण किंवा भांडण, त्या घराच्या दारात संध्याकाळच्या आत सिस्टर हजर व्हायच्या. डब्यात वरण-भात, नाहीतर खिचडी. त्यांचे गुडघे गेलेले, आणि कॉलनीतल्या इमारतींना लिफ्ट कुठली? एका हातात डबा, दुसऱ्या हाताने कठडा, आणि तोंडाने गुडघ्यांशी भांडण, अशा त्या तीन-तीन मजले चढायच्या. डबा ठेवून लगेच परतायच्या नाहीत. आजाऱ्याची नखं काढायच्या, उशीचा अभ्रा बदलायच्या, बाईमाणसाला म्हणायच्या, "तू जरा पड गं, मी बसलेय." दुसऱ्या दिवशी येऊन डबा घेऊन जायच्या. कोणी भांड्यात घालायला साखर शोधू लागलं की म्हणायच्या, "रिकामाच दे. मला रिकामाच लागतो."

लोक हे ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बोलायची पद्धत आहे. "जेवूनच आलोय" असं पाहुणा म्हणतो, तेव्हा त्याला उपाशी पाठवतात का कोणी?

जान्हवीचा नवरा पियूष कारखान्याच्या शेडचा पत्रा तुटून वरून खाली पडला, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. कूस बदलायला दोन माणसं लागायची. एक जान्हवी आणि दुसरी त्याची आई, शैलाबाई, जिला स्वतःलाच फार वेळ उभं राहता येत नव्हतं. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यांचा वास खोलीतून जात नव्हता. पियूष आधी रडायचा, मग ओरडायचा, मग त्याने दोन्ही बंद केलं. नुसता छताकडे बघून म्हणायचा, "जान्हवी, बस झालं न यार. सोड मला." आपले लोक सुरुवातीला आले, सफरचंदं ठेवून गेले. मग येईनासे झाले. त्यांचा दोष नाही. दुसऱ्याचं दुःख बघायला सुरुवातीला बरं वाटतं, रोज कोण बघणार? सिस्टरही आल्या होत्या, पण शैलाबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

एका दुपारी शैलाबाई पेन्शनच्या कामाला बाहेर गेल्या होत्या. जान्हवीने दाराला आतून कडी लावली आणि दुधाचे दोन पेले भरले, एक पियूषचा, एक स्वतःचा. त्या दुधात काय होतं ते सांगायला नको. पियूषला माहीत होतं. तो जान्हवीकडे बघून हसला. कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदाच हसला होता.

दार वाजलं.

जान्हवी जागेवरून उठली नाही. दार पुन्हा वाजलं.

"मी बकुळा," बाहेरून आवाज आला. "घाई नाही. मी इथे पायरीवर बसते. पण गुडघे दुखतायत पोरी, तेव्हा जमलं तर लवकर उघड."

जान्हवी वाट बघत राहिली की बाई कंटाळून जाईल. बाई गेली नाही. पायरीवर बसून ती कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं. ती देवाशी बोलतेय, हे जान्हवीला बऱ्याच वेळाने कळलं. तिने दार उघडलं.

सिस्टर आत आल्या. त्यांनी पेले पाहिले, पियूषकडे पाहिलं, जान्हवीकडे पाहिलं. नर्सचं आयुष्य काढलेल्या बाईला काय कळायचं ते कळलं. त्यांनी दोन्ही पेले उचलले, मोरीत ओतले, राख घेऊन घासले, तीनदा विसळले आणि ओट्यावर पालथे घातले. मग डब्याचं झाकण काढलं. "खिचडी गरम आहे," म्हणाल्या. "आधी तू खा. मग त्याला भरव."

त्या दिवसाबद्दल त्यांनी पुढे कधी विचारलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. त्या रोज येऊ लागल्या, एवढंच. पियूषच्या जखमा कशा धुवायच्या, कूस एकटीने कशी बदलायची, हे त्यांनी जान्हवीला शिकवलं. हळूहळू जखमा भरत आल्या. जान्हवीला एका कारखान्यात पॅकिंगचं अर्ध्या दिवसाचं काम मिळालं, तेव्हा पियूषजवळ सिस्टर बसायच्या. तो त्यांच्यावरही ओरडायचा. त्या म्हणायच्या, "ओरड बाबा, छाती मोकळी होते."

शैलाबाईंना हे सगळं आधी पचलं नव्हतं. पहिले काही दिवस त्यांनी त्या डब्यातलं अन्न तोंडात घातलं नाही. "ख्रिश्चन बाई आहे," त्या जान्हवीला म्हणाल्या. "आज भात देते, उद्या गळ्यात क्रॉस घालेल. बाहेर वातावरण कसं आहे माहीत आहे ना?" दार उघडंच होतं आणि सिस्टर दारातच होत्या.

"शैलाताई," त्या म्हणाल्या, "माझी प्रार्थना मी माझ्या तोंडाने करते, कोणाला डब्यात घालून देत नाही. झाकण उघडून बघा. वरणाला हिंग लावलाय फक्त."

शैलाबाई ओशाळल्या. पुढे दोघींची गट्टी जमली. एकदा शैलाबाईंनी सरळच विचारलं, "सिस्टर, या उस्तवारीतून तुम्हाला काय मिळतं हो?"

सिस्टर वेणी घालत होत्या, शैलाबाईंचीच. त्यांनी वेणीचा एक पेड ओढून घेतला. मग म्हणाल्या, "माझ्यावर कोणीतरी आधीच एवढं प्रेम करून ठेवलंय ताई, की ते फेडायचं कसं कळत नाही. येशूला मी काय परत देणार? त्याच्याकडे काय कमी आहे? मग तेच पुढच्या घरी देते."

शैलाबाईंनी मान डोलावली. समजलं असं त्यांना वाटलं. समजलं असतं तर पुढचं झालं नसतं.

कारण थोडं स्थिरस्थावर झाल्यावर शैलाबाईंच्या अंगातली रीत जागी झाली. "ती बाई रोज आपल्या घरून रिकामा डबा घेऊन जाते," त्या जान्हवीला म्हणाल्या. "लोक काय म्हणतील? भिकाऱ्याच्या घरून पण कोणी असं जात नाही. आता तुला काम आहे. हा डबा भरूनच द्यायचा, आणि साखर-बिखर नाही, सणाचं काहीतरी."

जान्हवीला ते मनापासून पटलं. दोन पेल्यांचं ओझं तिच्या मनावर होतंच. ज्या बाईने ते पेले मोरीत ओतून दोन जीव वाचवले तिला चिमूटभर साखर घालून डबा द्यायचा? दुसऱ्या दिवशी सिस्टर डबा घ्यायला आल्या तेव्हा ती म्हणाली, "घासायचा राहिलाय सिस्टर. मी आणून देते."

"बरं," म्हणून सिस्टर गेल्या. त्यांनी डब्याची आठवण परत कधी केली नाही. आता घर सावरलंय हे बघून त्यांचं येणंही कमी झालं. दुसऱ्या घरांना त्यांची गरज होती.

संक्रांतीला तिळाचे लाडू घालून देऊ, असं ठरलं. संक्रांतीला पियूषला ताप होता. होळीला पुरणपोळ्या घालू. होळीच्या आदल्या दिवशी जान्हवीचं काम सुटलं आणि घरात गूळ आला नाही. पाडव्याला श्रीखंड. पाडव्याला तर देवाला दाखवायला घरात पेढाही नव्हता. दरम्यान दिवस वाढले तशी लाजही वाढली. एवढे दिवस ठेवून घेतलेला डबा आता साधी भाजी घालून कसा द्यायचा? जान्हवी सिस्टरची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जायला लागली. एकदा बाजारात लांबून त्यांची पांढरी साडी दिसली तेव्हा ती चक्क एका दुकानात शिरली आणि नको असलेल्या बटणांचे भाव विचारत बसली. डबा फडताळाच्या वरच्या फळीवर होता. जान्हवी रोज त्याच्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची.

शेवटी तिला नळावर खालच्या मजल्यावरची वेदिका भेटली.

"जान्हवी, तुला पता नाही का?" वेदिका म्हणाली. "सिस्टर गिरल्या न, सीढीवरून. बहुत दिवस झाले. खुब्याचं हाड गेलं. भाची आली आणि धारला घेऊन गेली. आता छातीत कफ भरलाय म्हणे. डॉक्टरने जवाब दिला."

जान्हवीच्या हातातली बादली भरून वाहू लागली. "कशा गिरल्या?"

"पलीकडच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे तरी वरण घेऊन जात होत्या. पातेल्यात. गरम पातेलं, फडक्याने दोन्ही हातांत धरलेलं. कठडा धरायला हातच नव्हता."

"पातेल्यात का? त्यांच्याकडे तर डबे आहेत."

वेदिकाने मान खाली घातली. "एक माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "भियाच्या, माझ्या भावाच्या, ऑपरेशनच्या टाइमचा. रिकामा कसा देणार न? मी सोच रही थी की चकली करून..."

पुढचं जान्हवीला ऐकू आलं नाही. तिला नुसता जिना दिसत होता. एका हातात डबा, दुसरा हात कठड्यावर. एवढंच तर होतं. हात मोकळा राहावा म्हणून बाईने कडीचे डबे घेतले होते आणि तेच डबे जान्हवीने, वेदिकाने, अजून कुणीकुणी लाजेने फळ्यांवर चढवून ठेवले होते. आपण त्या बाईला जिन्यावरून ढकललं, असं तिला वाटलं. कोणी समजूत घातली असती तरी ते वाटणं गेलं नसतं.

घरी येऊन तिने सासूला सांगितलं. शैलाबाई भिंतीला टेकून बसल्या. मग त्या उठल्या, देवापुढचा लहानसा चांदीचा करंडा पदरात घेतला आणि खाली जाऊन वाण्याकडे गहाण ठेवून डाळ आणि गूळ घेऊन आल्या. दोघींनी मिळून पुरण शिजवलं. शैलाबाईंना पोळ्या लाटवत नव्हत्या तरी त्यांनीच लाटल्या आणि जान्हवीने भाजल्या. इतकं करूनही दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही की डबा रिकामा घेऊनही पळता येतं. पोळ्यांत सकाळ गेली.

धारला जायचं तर इंदूरला बस बदलावी लागते. इंदूरला धारची बस भरेपर्यंत हलेना. जान्हवी मांडीवर डबा घेऊन खिडकीपाशी बसली होती आणि मनात नुसता एकच हट्ट चालू होता: मी पोहोचेपर्यंत थांबा. तिला देवाचं नाव घ्यायचं होतं, पण कोणत्या देवाला सांगावं हे कळेना. शेवटी ती सिस्टरच्याच देवाला म्हणाली, मी तुझ्या ओळखीची नाही, पण त्या आहेत. कंडक्टरने दोनदा तिकीट मागितलं तेव्हा ती भानावर आली.

दवाखान्याच्या वॉर्डात सिस्टर खाटेवर इतक्या लहान दिसत होत्या की जान्हवी आधी त्यांच्यापुढून निघून गेली. भाची कामावर गेली होती. जवळ कोणी नव्हतं. आयुष्यभर जी बाई दुसऱ्यांच्या उशाशी बसली तिच्या उशाशी एक स्टूल होतं, आणि ते रिकामं होतं. ते स्टूल पाहिल्यावर जान्हवीला रडू आवरलं नाही.

"सिस्टर, मी जान्हवी. पियूषची बायको."

सिस्टरनी डोळे उघडले. "पाठ कशी आहे त्याची?" त्यांनी विचारलं. प्रत्येक शब्दाला दम लागत होता.

"बरी आहे. सिस्टर, हा डबा माझ्याकडे राहिला. माझ्यामुळे तुम्ही पातेलं घेऊन..."

"जिना जुना आहे," सिस्टर म्हणाल्या. "गुडघे जुने आहेत. तुझं काय त्यात?"

जान्हवीने झाकण काढलं. पुरणपोळीचा, तुपाचा वास आला. तिने तुकडा मोडला, खिडकीतल्या पेल्यातल्या दुधात कुस्करला, सिस्टरच्या ओठांशी नेला. सिस्टरनी तोंड उघडलं, पण घास गिळेना. खोकला आला. जान्हवीने घाईघाईने तोंड पुसलं. पुन्हा एकदा तिने अगदी कणभर घेऊन पाहिलं. तेही उतरलं नाही. संक्रांतीपासून जे भरायचं म्हणून तिने डबा अडकवून ठेवला, ते आता भरलेलं होतं आणि खायला तोंड नव्हतं. जान्हवी तो भरलेला डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. याहून वाईट काही असू शकेल असं तिला वाटलं नाही.

"रिकामा का नाही आणलास?" सिस्टर म्हणाल्या. त्यात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

जान्हवीने डब्याचं झाकण लावलं.

सिस्टरनी बोट हलवलं. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी होती आणि खाटेखाली फरशीवर तिची सून तान्ह्या पोराला घेऊन बसलेली होती. खेड्यातून आलेली, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं. जान्हवीला बोटाचा अर्थ कळला. ती उठून डबा घेऊन गेली. त्या बाईने नको म्हणून मान हलवली, "म्हारे नी चइये, बेन."

"खा गं," जान्हवी म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून सिस्टरचंच वाक्य निघालं, "आधी तू खा. मग तिला भरव."

बाईने खाल्लं. सासूला भरवलं. शेजारच्या खाटेलाही पोळी गेली. सिस्टर मान वळवून सगळं बघत होत्या, एखादी बाई पंगतीकडे बघते तशा. जान्हवीने डबा नळाखाली विसळून आणला आणि त्यांच्या हाताशी ठेवला. त्यांनी आत हात घालून तळ चाचपला. मग बोटं कडीपाशी नेली आणि तिथेच ठेवली.

"हां," त्या म्हणाल्या. "हा झाला माझा डबा."

जान्हवी संध्याकाळपर्यंत त्या स्टुलावर बसली. त्यांची नखं वाढली होती, ती तिने काढली. भाची आल्यावर ती निघाली तेव्हा सिस्टरनी डबा तिच्याकडे सरकवला. घेऊन जा, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं.

दोन-तीन दिवसांत त्या गेल्या. धारच्या कबरस्तानात भगवंतरावांच्या शेजारी त्यांना ठेवलं. देवासहून फक्त जान्हवी आणि वेदिका पोहोचल्या. बाकीच्यांना वेळेत कळलं नाही, किंवा कळलं आणि तोंड दाखवायची लाज वाटली.

जान्हवीने परत आल्यावर पातेल्याची हकीकत कोणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं. वेदिकाने एका दिवसात सगळ्या कॉलनीला सांगितली. मग एकेका घराच्या फडताळातून, माळ्यावरून, पलंगाखालून डबे खाली आले. एकीने त्यात हळद भरून ठेवली होती. एकीच्या डब्यात साखर होती, सिस्टर आल्या की द्यायची म्हणून भरलेली, मुंग्या लागलेली. सगळ्यांवर एकच नाव. रडायलाही कोणाला तोंड नव्हतं.

शैलाबाईंनी तेव्हापासून कोणाला भांड्यावरून टोकलं नाही. कॉलनीत कितीतरी वेळा त्यांनीच भांडं रिकामं दिल्याबद्दल सुनांना, शेजारणींना टोकलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला पलीकडच्या इमारतीत राहायला आलेल्या ऋतिका नावाच्या मुलीचं बाळ पोटातच गेलं. नवरा टोंकखुर्द गावच्या शाळेत मास्तर, आठवड्याने घरी येणारा. शैलाबाईंनी न सांगता वरण-भात केला, फडताळातला डबा काढला, आणि जान्हवी नको नको म्हणत असताना निघाल्या.

दुसऱ्या दिवशी डबा आणायलाही त्याच गेल्या. जान्हवी काळजीने मागे गेली होती, खालच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. वरून ऋतिकाचा आवाज आला, "काकू, थांबा न, रिकामा कसा देऊ? साखर तरी घालते."

वर डब्याची कडी वाजली.

"रिकामाच दे, बाळ," शैलाबाई म्हणाल्या. "मला रिकामाच लागतो."

मग त्या जिना उतरू लागल्या. एका हातात डबा, दुसरा हात कठड्यावर, एकेक पायरी चाचपत.